उजवीकडे मारलेले चेंडू

फुटबॉलच्या सामन्यापेक्षा मला सराव अधिक प्रिय होता. सामन्याला सारे शहर लोटे. तिथे शिट्ट्या, पैजा, शिव्या आणि बायकांसाठी दोरी बांधून राखलेला एक कोपरा असे. सराव मात्र कुणाचाच नसे. मे महिना लागला की, लीगला अजून अवकाश असताना, मिलच्या मागच्या मैदानावर संघातली माणसे उजाडता उजाडता जमत आणि ऊन चटके देऊ लागण्याआधी पांगत. आमच्या क्वार्टरची मागची भिंत हीच त्या मैदानाची हद्द होती. भिंत माझ्या छातीइतकी उंच. तिच्यावर अंथरुणे वाळत घालायची असत, एवढ्या कारणाने मी तिथे हवी तितकी उभी राहू शकत असे.

त्या पहाटांचे वास मला अजून एकमेकांपासून वेगळे काढता येतात. मिलमधून येणारा खळीचा आंबूस वास. पाणी शिंपूनही सकाळपर्यंत कोरड्या पडलेल्या मुरमाचा, तापल्या खापरासारखा वास. आणि चेंडूचा. कातडे तडकू नये म्हणून त्याला आदल्या संध्याकाळी चरबी चोळून ठेवत. तो भिंतीला येऊन आपटला की क्षणभर खाटकाच्या ओट्यासारखी एक झुळूक येई. आवाजांचेही तसेच होते. हवा भरपूर असलेला चेंडू बुटाला लागला की टणक, गोल, अपुरा नसलेला असा नाद होई. हवा कमी असली की ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखे वाटे. धावणाऱ्या माणसांच्या श्वासाचा आवाज तर सामन्यात कधी ऐकूच येत नाही. सरावात तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून निघे, वळण घेई, जवळ येई, आणि माझ्या पुढून जाताना त्यात एखादी शिवी, एखादा खोकला, एखादे ‘अरे देवा’ मिसळलेले असे.

आणीबाणीच्या आधीच्या वर्षांतला हा उन्हाळा. मी कॉलेजात मराठी घेऊन शिकत होते, वृत्ते आणि अलंकार यांनी डोके भरलेले होते. पण त्याच्याही आधीपासून बाबांनी माझ्या डोक्यात तो संघ भरला होता. बाबा विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते, आणि संघावर त्यांचे प्रेम असे होते की हरलेल्या दिवशी आमच्याकडे भाजीला फोडणी मिळत नसे.

संघ पगारी होता. कागदावर कुणी विणकर, कुणी फिटर, कुणी हमाल; पण मिलने त्यांना घेतले होते ते पायांसाठी. हंगामात अर्धी पाळी भरली की त्यांना मोकळीक मिळे. त्यांच्यातही पर्मनंट आणि बदली असे दोन वर्ग होते. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर परत फिरायचे. मात्र मिलचा एक रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता. बदलीवाला खेळाडू लीगचा हंगाम पहिल्या अकरांत राहून पुरा खेळला की दिवाळीला तो पर्मनंट होई.

माझा आत्तेभाऊ बदलीवाला होता आणि संघाचा गोलकीपर होता. मी त्याला दादा म्हणत असे. नरखेडकडच्या एका खेड्यातून बाबांनी त्याला आणले होते ते त्याचे हात पाहून. उभा राहिला की बोटे गुडघ्यांच्या जवळ येत. तो आमच्याकडेच राहत असे, पुढच्या खोलीत, बाजेवर. मागच्या हंगामात बरेच सामने तो राखीव होता. मग जुना कीपर निवृत्त झाला आणि ही जागा त्याच्याकडे आली. हा हंगाम पुरा खेळायचा, पर्मनंट व्हायचे, क्वार्टर मागायचे आणि आत्याला गावाहून आणायचे, असे सगळे त्याने ओळीने ठरवून ठेवले होते. गावी आत्या एकटी होती, आणि पर्मनंट झाल्याशिवाय मिल कुणाला क्वार्टर देत नसे.

होळीच्या सुमारास त्याला धोटा लागला. मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी असलेला, कधी कधी वाट सोडून उडतो. तो उडाला आणि दादाच्या डाव्या डोळ्याच्या कडेला बसला. बाबांनी त्याला बाहेर आणले, पाणी मारले आणि म्हणाले, “दवाखान्यात बॉल लागला म्हणून सांगजो. मागावर लागलं म्हटलं तं उद्यापासून तुले कोणी आत नाही घेणार गा.” बाबांना खात्याची रीत ठाऊक होती, ज्या बदलीवाल्याला आत अपघात झाला त्याला पुन्हा बोलवायला कुणी धजत नसे. दादाने तसेच सांगितले. सूज उतरली, काळानिळा डाग पिवळा होऊन गेला, डोळा बाहेरून होता तसा झाला.

आतून तो तसा झाला नव्हता, हे मला कळले ते जेवताना. तांब्यातून पाणी ओतताना त्याची धार फुलपात्राच्या बाहेर, जमिनीवर पडली. आणि पडते आहे हे त्याला आवाजावरून समजले, डोळ्यांनी नव्हे. मी काही बोलायच्या आत तो हळूच म्हणाला, “मामाले नको सांगू.”

“काहीच दिसत नाही काय?”

“दिसते ना. धुकं दिसते.” तो हसला. “पांढरं शुभ्र. मिलचं धोतर डोळ्यापुढं धरल्यावानी.”

“मग खेळशील कसा?”

“एका डोळ्यानं जमते का नाही, पाहू तं दे वं. सरावात समजूनच जाते.”

म्हणून त्या उन्हाळ्यात मी भिंतीशी उभी राहिले ती नेहमीच्या सुखासाठी नव्हे. सरावात समजूनच जाणार होते.

त्या वर्षी मिलने नवा कोच आणला होता, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. उंच, वाळकुडा, मिशा चुन्यासारख्या पांढऱ्या. मराठी कळायची, पण तो बोलायचा हिंदी. त्याने आल्या आल्या सगळ्यांना मैदानाभोवती पळवले, डोक्याला ओले पंचे गुंडाळून. कुणी झाडाखाली ओकले. कुणी पोटऱ्या धरून बसले. ‘हंगामाआधीचे शरीर’ असे काही असते हे मला तिथे दिसले. हिवाळाभर मागांच्या उकाड्यात उभे राहून फुगलेली, सुताच्या तुसांनी छाती भरलेली ती माणसे पहिल्या दिवसांत खेळाडू वाटतच नसत; ओझी वाहून आणून टाकलेली वाटत. मग दर सकाळी त्यांच्यातून काहीतरी गळून जाई. पाठी सरळ होत. खोकला मागे राही. घामाचा वाससुद्धा बदले, आधीचा आंबट वास जाऊन उन्हात ठेवलेल्या मिठासारखा होई. एखाद्या सकाळी अचानक चेंडू चार पायांतून न अडता सरके आणि माझ्या अंगावर काटा येई. ओळ जमली की असाच येतो.

पण पळण्यानंतर गोलवर चेंडू मारण्याचा सराव असे, आणि तेव्हा माझ्या हातातली गोधडी हातातच राही. आमच्या भिंतीला लागूनच तो गोल होता. दादाची पाठ माझ्याकडे. त्याची डावी ती माझी डावी, त्याची उजवी ती माझी उजवी. पहिल्या सकाळी एकेक जण धावत येऊ लागला आणि प्रत्येक धावेसरशी मी मनातल्या मनात डावीकडे झेपावत होते.

त्याने पहिला अडवला. दुसरा अडवला. एक वरून गेला. पुढचा त्याने झेप घेऊन दोन्ही हातांत धरला आणि मुरमावर घसरत गेला. धुळीचा पडदा उठला, आणि त्यातून तो चेंडू पोटाशी धरून उभा राहिला.

“शाबाश!” कोच ओरडला. “ये हुई ना बात!”

त्या दिवशी आमच्याकडे भाजीला दुप्पट फोडणी पडली असेल. बाबांना डोळ्याचे माहीत नव्हते, पण भाचा नव्या कोचच्या मनात भरला एवढे त्यांना पुरेसे होते. ते जेवताना दादाला म्हणाले, “कोच म्हणे, असा कीपर त्यानं फौजेतही नाही पाह्यला.”

“कोच काहीही म्हणते,” दादा म्हणाला. पण त्याचे कान तांबडे झाले होते.

संध्याकाळी मागच्या पायरीवर त्याने मला गुपित सांगितले. त्याचा आवाज इतका हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता. “मले ऐकू येते वं,” तो म्हणाला. “बूट बॉलले कुठसा लागला, ते ऐकू येते. आतल्या बाजूनं लागला का एक आवाज, बाहेरच्या बाजूनं लागला का दुसरा. माझं अंग आपोआप तिकडे जाते. एक डोळा गेला तं कान उघडले.”

मला ते लगेच पटले, कारण ते सुंदर होते. एका इंद्रियाचे दार बंद झाले की दुसऱ्याचे उघडते, असे मी कवितांतून इतक्या वेळा वाचले होते की आमच्याच पायरीवर, आमच्याच माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला नवल वाटले ते फक्त एवढ्याचे, की हे इतके जवळ घडते आहे. मीही मग डोळे मिटून बुटांचे आवाज ऐकू लागले. आत, बाहेर, टोक, टाच. मलाही फरक कळतो असे वाटू लागले.

दिवस तापत गेले. पत्रे रात्रीसुद्धा निवत नसत. आणि दादा त्या महिनाभरात असा खेळला की संघातली सगळी हालचाल त्याच्यापाशी येऊन संपे. मैदानाच्या पायऱ्यांवर बसणारे रिकामटेकडे त्याचे नाव घेऊन ओरडू लागले. त्याच्या चालण्यात एक ऐट आली. तो गोलमधून पुढच्यांना हाका मारी, चिडवी: “काय बे, पोया खाऊन नाही आला काय? जोरात मार ना!” आणि ते हसत, मान खाली घालत, पुन्हा धावत येत. गावी आत्याला निरोप गेला की दिवाळीपर्यंत कोंबड्या विकून टाक.

लीगच्या आधी शेवटी एक सराव-सामना ठेवायची रीत होती. कामठीहून एक संघ यायचा. कामठीचे पाय जलद, म्हणून परीक्षा खरी होई. त्या सामन्यानंतर कोच पहिले अकरा ठरवी.

आदल्या संध्याकाळी मी दादाच्या कोपराला हळद आणि गोडेतेल लावत होते. मुरमाने सोललेली कातडी महिनाभर बरी होऊ शकली नव्हती; खपली धरायची, दुसऱ्या सकाळी निघायची. मांडीलाही तेच. लावून झाल्यावर मी म्हटले, “दुसरा हात कर.” त्याने डावा हात पुढे केला. डावे कोपर स्वच्छ होते. केस होते तसे, कातडी गुळगुळीत, जणू तो हात सरावाला गेलाच नव्हता. वाळत घातलेला त्याचा शर्ट मी वळून पाहिला. त्याचीही उजवी बाजू ठिकठिकाणी विरली होती, डावी नव्यासारखी.

“दादा, डाव्या कोपराले काहीच कसं नाही लागलं?”

त्याने हात वळवून पाहिला आणि त्याला हसू आले. “तिकडचे मी पडायच्या आधीच पकडतो ना. कान तिकडचाच तेज आहे.”

त्याच्या त्या हसण्यापुढे माझ्या मनात आलेले मी बाजूला सारले. ते काय होते, हेही मला तेव्हा नीट माहीत नव्हते. 

सकाळी कामठीवाले ट्रकमधून उतरले. बाबा रजा टाकून आले होते आणि आमच्या भिंतीशीच, माझ्या शेजारी, डोक्यावर उपरणे टाकून उभे राहिले. आमच्या बाजूच्या गोलमध्ये पूर्वार्धात दादाच होता. त्याने हातांना माती चोळली. वळून आमच्याकडे पाहिले. उजव्या डोळ्याने पाहायचे म्हणून मान थोडी जास्तच वळवली.

कामठीचा पहिला फटका डावीकडे आला. फार जोराचा नव्हता. एखाद्या शाळकरी पोराने पाय लावून थांबवला असता. दादा हललाच नाही. चेंडू जाळ्यात जाऊन माझ्यासमोर फिरत फिरत थांबला, आणि मग दादाने मान वळवली.

पायऱ्यांवरून कुणी ओरडले, “झोपला काय गा? चहा पाजा त्याले!”

बाबा म्हणाले, “सूर्य डोळ्यावर असंल.” सूर्य आमच्या पाठीशी होता.

दुसरा चेंडू उजवीकडे आला आणि त्याने तो धरला. बाबांनी श्वास सोडला. मग पुन्हा डावीकडे. या वेळी तो झेपावला, पण चेंडू गेल्यावर. त्याचे कपाळ खांबाला लागले. लाकडाचा तो पोकळ आवाज मला भिंतीतून हातांना जाणवला. आता कामठीवाल्यांच्या लक्षात आले होते. त्यांच्यातला एक ठेंगणा, हसऱ्या चेहऱ्याचा फॉरवर्ड आपल्या जोडीदाराला अगदी सहज, दुकानाचा पत्ता सांगावा तसे म्हणाला, “बाएँ डाल भाई, बाएँ. उस घर में कोई नहीं रहता.”

आमचे बॅक गोंधळले. दोघेही दादाच्या डाव्या अंगाला सरकले. मधली जागा मोकळी पडली. कामठीचा माणूस तिथून आत शिरू लागला, आणि आमचा कॅप्टन, शांत आणि कमी बोलणारा सेंटर-हाफ, मागे धावत येताना सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडला: “डावं सोडू नका बे! तिकडून त्याले दिसत नाही!”

चेंडू कुठे गेला ते मला आठवत नाही. दादा सरळ उभा राहिला. हात खाली, लांबच लांब. तो कॅप्टनकडे पाहत होता. मग त्याने आपल्या माणसांवरून एकेक करत नजर फिरवली. आणि ज्याच्यावर ती जाई तो बुटाचा बंद बांधायला वाकावे तसा खाली पाहू लागे. एकालाही आश्चर्य वाटलेले नव्हते. कामठीवाल्यांना वाटले होते, कोचला वाटले होते, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांना वाटले होते. संघातल्या एकालाही नाही.

कोचने शिट्टी मारली. दादाला मैदानाच्या मध्यावर बोलावले. स्वतःच्या तळव्याने त्याचा उजवा डोळा झाकला आणि दुसरा हात त्याच्यापुढे धरला. “क्या है मेरे हाथ में?”

दादाने वेळ घेतला. “रुमाल,” तो म्हणाला. कोच घडीभरापूर्वी रुमालाने मान पुसत होता, ते त्याने पाहिले असावे.

हातात शिट्टी होती.

पायऱ्यांवर या वेळी कुणी हसले नाही. कोचने त्याचा डोळा सोडला, तोच हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. शेवटचे तेवढे वाऱ्यावर आमच्यापर्यंत आले: “मैं तो रख लूँ बेटा. पर किसी दिन किसी का बूट ये दूसरी आँख भी ले जाएगा. फिर?”

बाबांनी उपरण्याचे टोक तोंडात धरले होते. “मीच म्हटलं होतं ना,” ते म्हणाले, “बॉल लागला म्हणून सांग.” त्यांनी ते मला सांगितले नाही, भिंतीला सांगितले. आता भरपाई मागायला तो डोळा मिलच्या मागावर गेला असे म्हणायचीही सोय उरली नव्हती. दवाखान्यात फुटबॉलच्या नावावर लागला होता.

दुपारी कॅप्टन आमच्याकडे आला. दादा पुढच्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, म्हणून कॅप्टन मागच्या पायरीवर बसला. पाणी दिले ते त्याने प्यायले नाही. बाबांनी विचारले, “कवापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. अंग गरम करताना मी त्याच्याकडे बॉल फेकला, डावीकडून. कानाले लागला त्याच्या, तरी त्याले समजलं नाही कोणीकडून आला ते.”

“अन् तूच सांगितलं सगळ्यायले?”

“कोणीच कोणाले नाही सांगितलं, काका.” तो पेला हातात फिरवत राहिला. “मी उजवीकडे मारला. मागच्यानं पाह्यलं, त्यानंही उजवीकडेच मारला. मंग सगळेच मारू लागले. एकदा सुरू झालं का मंग कोण थांबवते? जो डावीकडे मारीन तो पापी होऊन राहिला असता.”

“लीगमंधी काय करणार होते बे तुम्ही?”

“दोन बॅक त्या बाजूले उभे करू, असं वाटलं होतं. दिवाळीपर्यंतच निभवायचं होतं.” त्याने पेला खाली ठेवला. “तो हाका मारे ना, जोरात मारा म्हणून. तवा लय वाईट वाटे. पण इतका खूश दिसे तो.”

पुढच्या खोलीत बाज करकरली. दादा जागा होता. मधल्या दाराला पडदाच तेवढा होता.

त्यानंतरच्या गोष्टी लवकर झाल्या. कोचने फोल्डिंग खात्यातला एक तरुण कीपर उभा केला. विणकाम खात्याचे प्रमुख असलेल्या मास्तरांच्या कानावर गेले, आणि एका डोळ्याच्या माणसाला मागावर उभे करायचे नाही, असे ठरले. गेटवर दादाला टाकाऊ सुताच्या कोठीत बदली म्हणून घेऊ, असे कुणी म्हणाले. तिथे आठवड्यातून एखादा दिवस काम निघे. बाबा साहेबांकडे जाऊन आले, पुन्हा गेले, आणि मग जायचे थांबले. दादाने ट्रंक भरली. तो बाबांवर रागावला नाही, कॅप्टनवरही नाही. खेळाडू एकेक करून भेटायला आले त्यांना त्याने चहा विचारला. फक्त कुणी महिनाभरातल्या त्याच्या खेळाची आठवण काढू लागले की तो उठून आत जाई, आणि मोरीत पाणी सोडल्याचा आवाज येई.

गावी जायच्या सकाळी त्याची एस.टी. उशिरा होती. मी चहा टाकला होता. मैदानावर सराव चालू होता. बुटांचे आवाज मागच्या दारातून सरळ घरात येत होते. त्या दिवसांत मी भिंतीशी जात नसे. दादा पायरीवर येऊन बसला, आणि मला हाक मारून बसायला सांगितले.

“तू रोज पाहून राहिली होती ना?” त्याने विचारले.

“हो.”

“संघातल्या कोणाले विचारण्यात अर्थ नाही. ते पुन्हा माझ्यासाठीच बोलतीन. तू सांग. एक तरी होता काय?”

मला समजले नाही असे वाटून त्याने झेल घ्यावा तसे हात पुढे केले. “खरा. कोणी न दिलेला. मी स्वतःच्या हिमतीनं धरलेला. डावीकडचा एक तरी.”

मी शोधू लागले. तो सारा महिना मी पाठ केल्यासारखा मनात ठेवला होता: धूळ, झेप, धूळ, झेप. आता प्रत्येक झेपेच्या आधी मला मारणाऱ्याचा घोटा दिसू लागला, शेवटच्या क्षणी दयेने वळलेला. एकामागून एक त्या झेपा मी बाजूला ठेवत गेले. आणि मग मला एक सापडला. मधल्या आठवड्यात कधीतरी, उजवीकडे मारलेला एक चेंडू मुरमातल्या खड्याला लागून उलटा वळला होता, आणि दादा त्याच्यावर डाव्या कुशीने पडला होता. तो कुणी दिलेला नव्हता. देणारा तर हाय खाऊन उभाच राहिला होता. मी ते सारे दादाला सांगितले. खडा, वळण, त्याचे पडणे, उठल्यावर पोटाशी धरलेला चेंडू. सांगता सांगता माझा आवाज चढला, सामन्यात चढतो तसा.

त्याने मान तिरकी करून, दिसणारा डोळा माझ्याकडे करून, सगळे ऐकून घेतले.

“तो होय,” तो म्हणाला. “तो मले दिसला नव्हता, अन् ऐकूही नव्हता आला. माझा पाय सरकला. पडलो, तं बॉल खाली होता.”

मी मैदानाकडे पाहिले.

“दुसरा सांग,” तो म्हणाला.

आत चहा उतू गेला. दुधाचा करपट वास पायरीपर्यंत आला. आम्ही दोघेही उठलो नाही. तो वाट पाहत होता, आणि मी अजून आठवत होते.